आठ सुतांची फट

आपलं स्मारक केवढं असावं, हे फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतःच सांगून गेले होते. १९४१ साली, अमेरिकेच्या अध्यक्षपदावर असतानाच, त्यांनी आपले स्नेही न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याजवळ विषय काढला. समोरच्या टेबलावर हात ठेवला आणि सांगितलं, एवढाच एक दगड. वॉशिंग्टनला राष्ट्रीय अभिलेखागारासमोर जो हिरवळीचा तुकडा आहे, तिथे ठेवा. नक्षीबिक्षी नको, ‘स्मरणार्थ’ एवढं कोरलं की पुरे. त्यांच्या विसाव्या पुण्यतिथीला, १२ एप्रिल १९६५ रोजी, तसा दगड तिथे बसला. तो अजून आहे, आणि शेजारून चालत गेलात तर सहज नजरेतून सुटेल इतका साधा आहे.

एवढ्यावर भागवेल असा देश कुठे असतो? १९९७ मध्ये त्याच शहरात साडेसात एकरांवर लॉरेन्स हॅल्प्रिन यांनी आखलेलं स्मारक उघडलं. त्यात धबधबे आहेत, पुतळे आहेत, भिंतीभर वचनं आहेत. मग २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या ईस्ट नदीत, रूझवेल्ट बेटाच्या दक्षिण टोकावर, चार एकरांचा फोर फ्रीडम्स पार्क झाला. लिहायचं आहे ते या तिसऱ्याबद्दल. यातला एकेक दगडच त्या टेबलाएवढ्या शिळेला खाली बसवेल इतका जड आहे. तरीही ‘थोडं ठेवा आणि नीट ठेवा’ ही जी मूळ मागणी होती, ती कळलेला माणूस मला इथेच भेटतो.

बेट मॅनहॅटन आणि क्वीन्स यांच्या मधोमध, लांबीला दोन मैल आणि रुंदीला जेमतेम. पूर्वी तिथे तुरुंग होता, वेड्यांचं इस्पितळ होतं, देवीच्या रोग्यांचं इस्पितळ होतं. शहराला जे डोळ्यांसमोर नको असे, ते सगळं होतं. १९७३ पर्यंत नाव वेल्फेअर आयलंड. जायचं तर भुयारी रेल्वेची एफ गाडी आहे, पण ५९व्या रस्त्यावर सेकंड ॲव्हेन्यूपाशी रोपवेचा पाळणा मिळतो, तोच घ्यावा. उतरल्यावर दक्षिणेकडे सरळ चालायचं. वाटेत देवीच्या इस्पितळाचे छप्पर उडालेले, लोखंडी टेकूंवर उभे ठेवलेले अवशेष लागतात. ते मागे पडले की पार्क. प्रवेशाला पैसे नाहीत. मंगळवारी बंद असतो, एवढं मात्र ध्यानात ठेवावं. फाटकापर्यंत जाऊन परतणारे पुष्कळ.

फाटकातून आत गेल्यावर काहीच दिसत नाही, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. समोर पाच कॉपर बीच (समुद्रकिनाऱ्याचा बीच नव्हे, तांबूस-जांभळ्या पानांचं झाड) आणि त्यांच्यामागे शंभर फूट रुंद दगडी पायऱ्या. नदी नाही, पुतळा नाही, टोक नाही. पायऱ्या चढून माथ्यावर आलं की मग एकदम सगळं उलगडतं. समोर त्रिकोणी हिरवळ, पुढे पुढे निमुळती होत आणि हलकेच उतरत गेलेली. तिच्या दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा आणि पार शेवटी, जिथे सगळ्या रेषा एकत्र येतात, तिथे एक काळपट ठिपका. तो ठिपका म्हणजे रूझवेल्ट यांचं शीर्ष.

इथे नजरेला फसवलेलं आहे, आणि फसवणूक अगदी साध्या भूमितीची आहे. समांतर असलेले रस्त्याचे दोन काठ लांबवर जुळल्यासारखे दिसतात, हे सगळ्यांनाच माहीत असतं. काठ मुळातच निमुळते ठेवले, तर डोळा तो निमुळतेपणा अंतराच्या खात्यावर टाकतो आणि जागा आहे त्याहून लांब वाटते. परत येताना उलट पाहावं. टोकाकडून पायऱ्यांकडे पाहिलं की तीच हिरवळ आखूड, अंगावर आल्यासारखी दिसते. चार एकर ही काही मोठी जमीन नव्हे. तिला ऐसपैस करण्यासाठी एकही जादा दगड लागलेला नाही, फक्त दोन रेषा वाकड्या धरल्या.

ही फसवणूक टिकवायची जबाबदारी झाडांवर आहे. लिंडनची एकूण १२० झाडं, दोन्ही बाजूंना दुहेरी रांगांत. छोट्या पानांची ही जात निवडण्याचं कारण उघड आहे. ती छाटणी सोसते, अंगानं एकसारखी वाढते, शहराच्या धुरात तग धरते. पण एका वयाच्या, एका जातीच्या झाडांची ओळ लावणं म्हणजे दुखणं विकत घेणंही असतं. बागेत वेगवेगळी झाडं असली की एखादं मेलेलं खपून जातं. ओळीत एक गेलं की खिंडार दिसतं, आणि तिथे लावलेलं नवं रोप पुढची कित्येक वर्षं पंक्तीत उशिरा आलेल्या पोरासारखं बुटकं राहतं. शिवाय लिंडनवर मावा पडतो आणि उन्हाळ्यात त्याचा चिकट रस खाली टपकतो. बाकांवर, फरशीवर काळपट थर धरतो. इथे भोवतीचं पाणीही गोडं नाही. ईस्ट नदी म्हणतात खरी, पण ती नदी नाही, समुद्राची सामुद्रधुनीच आहे. भरतीला प्रवाह एका दिशेनं, ओहोटीला दुसऱ्या. वाऱ्याबरोबर खारा तुषार येतो, आणि कॉपर बीचला तर खारही सोसत नाही आणि पायांनी घट्ट तुडवलेली मातीही. मुळं उथळ असतात त्याची. म्हणून अशा झाडाच्या बुंध्याभोवती माणसांना उभं राहू न देणं, हीच त्याची निम्मी निगा.

हिरवळीच्या टोकाला दगडी कोनाड्यात शीर्ष. शिल्पकार जो डेव्हिडसन यांनी १९३३ मध्ये, रूझवेल्ट पहिल्यांदा अध्यक्ष झाले तेव्हा, घडवलेल्या शीर्षशिल्पावरून ते मोठं करून ब्राँझमध्ये ओतलं आहे. वजन १०५० पौंड, म्हणजे पावणेपाचशे किलोच्या आसपास. हात नाहीत, धड नाही, घोडा तर नाहीच. पुतळ्याच्या उंचीवरून सरकारं पाडायला निघालेल्या आपल्या डोळ्यांना हे जरा कमीच वाटतं. पण इतकी सगळी जागा ज्या एका बिंदूकडे बोट दाखवते, तिथे आणखी मोठं काही ठेवलं असतं तर बोटाची गरजच उरली नसती.

या कोनाड्याच्या पाठीमागे आहे ती ‘खोली’.

या पार्कचे वास्तुकार लुई कान यांची कल्पना एका ओळीची होती: स्मारक म्हणजे एक बाग आणि एक खोली. बाग आपण ओलांडून आलो. खोलीला छप्पर नाही. ३६०० चौरस फुटांची फरशी, भोवती ग्रॅनाइटचे २८ ठोकळे आणि दक्षिणेला मोकळं पाणी. नॉर्थ कॅरोलिनातला हा दगड पांढुरका, बारीक काळ्या कणांचा. एकेक ठोकळा सहा फूट रुंद, सहा फूट जाड आणि बारा फूट उंच. हिशेब करून पाहावा. ६ गुणिले ६ गुणिले १२, म्हणजे ४३२ घनफूट. ग्रॅनाइटचं घनफूट साधारण १६७ पौंड. म्हणजे ७२ हजार पौंड, अमेरिकी मापात ३६ टन. असे २८. खोलीभोवतीचा नुसता दगडच हजार टनांवर गेला.

आता खरी गोष्ट. हे ठोकळे एकमेकांना टेकलेले नाहीत. दोन ठोकळ्यांमध्ये बरोबर एक इंचाची फट आहे. आपल्याकडचे गवंडी आणि सुतार इंचाची आठ सुतं करतात. त्यांच्या भाषेत ही आठ सुतांची फट. ती चुन्यानं, सिमेंटनं, कशानंही भरलेली नाही. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायच्याच नाहीत असं आधीच ठरलेलं. आपली हेमाडपंती देवळंही चुन्याशिवाय उभी आहेत, पण तिथे दगडाला दगड बिलगलेला असतो, खाचेत कूस बसलेली असते आणि सांधा जितका अदृश्य तितकं पाथरवटाचं कौतुक. इथे नेमकं उलटं आहे. दगड दूर ठेवले आहेत, आणि सांधा दिसावा म्हणूनच तो ठेवला आहे.

कुणी म्हणेल, उन्हात दगड प्रसरण पावतो म्हणून जागा सोडली असेल. तसं नाही. न्यू यॉर्कच्या कडाक्याच्या थंडीपासून भर उन्हाळ्यात तापलेल्या दगडापर्यंत साठ अंशांचा फरक धरला, तरी सहा फुटांचा ग्रॅनाइट एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. त्यासाठी पंचवीस मिलिमीटर कोण सोडेल? ही फट उजेडासाठी आहे. ठोकळ्याच्या बाहेरच्या बाजू खरबरीत ठेवल्या आहेत. फक्त फटीतल्या, एकमेकींसमोर येणाऱ्या बाजू घासून आरशासारख्या केल्या आहेत. एक इंच रुंद आणि सहा फूट खोल अशा चिरेत उजेड शिरला तर एरवी मध्येच विझला असता. इथे तो दोन चकचकीत भिंतींवर आपटत आपटत आतपर्यंत येतो. म्हणून बाहेर ढगाळ असलं तरी फटी उजळलेल्या दिसतात, दगड मात्र मळभासारखाच राखाडी.

फटीतून दिसतं किती? इंचाला बहात्तर इंच हे प्रमाण इतकं कडक आहे की अगदी समोर उभं राहिल्याशिवाय आरपार काही दिसत नाही. एक पाऊल बाजूला सरकलात की फट मिटते, आणखी चाललात की पुढची उघडते. ठोकळ्यापासून तीन फुटांवर उभं राहिलं, तर डोळ्यापासून फटीचं पलीकडचं तोंड नऊ फुटांवर येतं. नऊ फुटांवर एक इंच, म्हणजे नऊशे फुटांवर शंभर इंच. पलीकडच्या काठाची जेमतेम आठ फुटांची उभी पट्टी. अख्खी बोट कधीच दिसत नाही. नाक येतं, खिडक्या येतात, शेपूट जातं.

ही गोष्ट कागदावर काढायला सोपी आणि जागेवर करायला महाकठीण. छत्तीस टनांचा दगड क्रेननं उतरवताना जिथे टेकेल तिथेच तो राहणार, ढकलून नीट करायची सोय नाही. शिवाय क्रेनचा हात जितका लांब, तितकी तिची ताकद कमी. म्हणून दगड उचलायची जागा आणि बसवायची जागा यांतलं अंतर आधी मोजावं लागतं. भिंत असती तर सुताचा फरक दर्जेत जिरवता आला असता. उघड्या फटीत तो जिरत नाही. वर आठ सूत आणि खाली नऊ झाली की लहान पोरालाही फट तिरकी दिसते, कारण तिच्यामागे आकाशाचा उजेड आहे. म्हणजे ओळंबा बघायचा तो नुसता बाहेरून नाही, आतल्या घासलेल्या बाजूंचाही. आणि पायाची पाणसळ तर इतकी चोख लागते की बारा फूट वर गेल्यावर चूक उघडी पडू नये. पुढची देखभाल वेगळीच. फटीत लिंडनचं पान अडकतं, चॉकलेटचा कागद अडकतो, हिवाळ्यात बर्फ बसतो. एक इंचात कुणाचा हात जात नाही. लांब काठी किंवा हवेचा झोत लागतो, आणि तोही असा की चकाकीवर ओरखडा उठता कामा नये. एका फटीवरचा ओरखडा नंतर कायम उजेडात राहणार.

कोनाड्याच्या मागच्या बाजूला, खोलीकडे तोंड करून, रूझवेल्ट यांच्या ६ जानेवारी १९४१ च्या भाषणातला उतारा कोरलेला आहे. बोलण्याचं स्वातंत्र्य, आपापल्या देवाला भजण्याचं स्वातंत्र्य, अभावापासून मुक्ती, भयापासून मुक्ती. अक्षरं निकोलस बेन्सन यांची, न्यूपोर्टच्या जुन्या पाथरवटी दुकानाचे ते वारसदार. खोलीत तेवढाच मजकूर आहे. भाषणात पहिल्या तिन्ही स्वातंत्र्यांपाठोपाठ ‘जगात सर्वत्र’ हे शब्द येतात, चौथ्यापाठोपाठ ‘जगात कुठेही’.

मराठी वाचकाला या शब्दांपाशी अडखळायला हवं. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी, आपलं सरकार निवडण्याचा सगळ्या लोकांचा हक्क मानणारी, अटलांटिक सनद जाहीर केली, आणि पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत सांगून टाकलं की ती हिंदुस्थानला लागू नाही. १ जुलै १९४२ रोजी गांधीजींनी रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं, पत्त्याच्या जागी सेवाग्राम, मार्गे वर्धा. हिंदुस्थान आणि आफ्रिका ब्रिटनच्या शोषणाखाली आहेत आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात काळ्यांचा प्रश्न आहे, तोवर स्वातंत्र्यासाठी लढतो हा दोस्तांचा दावा पोकळ वाटतो, असं त्यात स्पष्ट आहे. महिना-सव्वा महिन्यानं, ८ ऑगस्टला, मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत रूझवेल्ट यांच्याच सहीच्या आदेशानं जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांची अमेरिकेत छावण्यांमध्ये रवानगी सुरू झाली होती. भिंतीवर यातलं काही नाही, आणि भिंतीनं ते सांगावं अशी अपेक्षाही नाही. पण पश्चिमेच्या फटींतून संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय पट्ट्यापट्ट्यांनी दिसतं. तिथल्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या प्रास्ताविकात हीच चार स्वातंत्र्यं आली. त्याचा मसुदा करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट, फ्रँकलिन यांच्या पत्नी, होत्या. आणि ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द बदलून ‘सर्व मानव’ असं करायला लावणाऱ्या सदस्य होत्या आपल्या हंसा मेहता, मुंबईच्या विधान परिषदेत काम केलेल्या. ‘सर्वत्र’ या शब्दाचा अर्थ असा दुसऱ्यांनी येऊन भरायचा असतो बहुधा.

लुई कान यांना हे काम मिळालं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. रूझवेल्ट त्यांच्या लेखी पुस्तकातले अध्यक्ष नव्हते. मंदीच्या काळात सरकारी घरबांधणीच्या ज्या योजना निघाल्या, त्यांवर तरुण कान यांनी काम केलं होतं. न्यू जर्सीतल्या त्यांपैकी एका वसाहतीचं नाव पुढे रूझवेल्टच ठेवलं गेलं. पार्कचे नकाशे झाले. मार्च १९७४ मध्ये ते अहमदाबादहून परतत होते. तिथे आयआयएमच्या विटांच्या कमानी उभ्या राहत होत्या. त्या कामावर त्यांना आणलं होतं पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जेजेत शिकलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी. १७ मार्चला न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनवर, स्वच्छतागृहात, हृदयविकारानं कान गेले. घरच्यांना कळायलाच दोन दिवसांवर गेले. वय ७३.

त्यांच्या मागे राहिलेल्या कामांपैकी या दोघांचं नशीब निराळं निघालं. अहमदाबादला अनंत राजे होते. मुंबईचे, जेजेचेच, फिलाडेल्फियात कान यांच्या कचेरीत काही वर्षं काढून परतलेले. काम थांबलं नाही. राजे यांनी ते पुढे नेलं, नव्या इमारती त्या विटांच्या बोलीतच घातल्या. न्यू यॉर्कला मात्र काम अडलं. १९७५ मध्ये महापालिका दिवाळं काढायच्या बेताला आली आणि नकाशे गुंडाळून ठेवले गेले. माजी राजदूत विल्यम व्हॅन्डेन ह्यूवेल यांनी पाठपुरावा करून पैसे उभे केले तेव्हा कुठे २९ मार्च २०१० रोजी काम सुरू झालं. पाच कोटी डॉलरच्या वर खर्च, देणगीदारांचे आणि सरकारचे मिळून. छत्तीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा नकाशा बांधताना मोठा प्रश्न असा येतो की त्यानं जे काढलंच नाही ते कोण ठरवणार. त्या बाबतीत इथे संयम दिसतो. खाऊचा गाडा नाही, माहितीचे फलक रांगेनं नाहीत, रात्रीचा रोषणाईचा तमाशा नाही.

१७ ऑक्टोबर २०१२ ला लोकार्पण झालं, २४ तारखेला लोकांसाठी फाटक उघडलं, आणि २९ तारखेच्या रात्री सँडी वादळ शहरावर आलं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पाणी जवळपास चौदा फुटांपर्यंत चढलं. भुयारी रेल्वे बुडाली, वीज गेली. पार्कचं फारसं काही बिघडलं नाही. काठावर सैल दगडांचा उतार रचलेला आहे, तो लाटेची ताकद मोडतो आणि पाणी परत जाऊ देतो. सरळ भिंत असती तर तीच लाट भिंतीच्या मुळाशी माती खणत राहिली असती. वाहून जाण्याजोगं तिथे मुळात काही ठेवलेलंच नव्हतं, हेही आहेच.

आणि तरी या नेमकेपणाची एक किंमत आहे, ती रूझवेल्ट यांच्याच पायांशी येऊन थांबते. १९२१ मध्ये, ३९व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला. कमरेखालचं बळ गेलं. लोकांसमोर ते पोलादी पट्ट्या बांधून, कुणाच्या तरी दंडाचा आधार घेऊन उभे राहत. एरवी चाकांची खुर्ची. त्यांच्या नावच्या बागेचा दर्शनी भाग मात्र शंभर फूट रुंद पायऱ्यांचा. त्या टाळून कडेच्या वाटांनी पुढे जाता येतं, पण माथ्यावरून सगळं एकदम उलगडण्याचा जो क्षण आहे, तो त्या वाटेवर नाही. दक्षिण टोकाला पाण्याच्या आड कठडा येऊ नये म्हणून पुढची जागा पायऱ्यांनी खाली उतरवली आहे. दृश्य अखंड राहतं, चाकं वरच थांबतात. २०१७ मध्ये अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी यावरून कोर्टात दावा लावला. कान यांच्या बाजूनं इतकंच म्हणता येतं की नकाशे १९७०च्या दशकातले. बांधणी मात्र २०१० नंतरची.

वॉशिंग्टनच्या स्मारकातही हाच वाद झाला होता, आणि २००१ मध्ये तिथे चाकांच्या खुर्चीतला पुतळा नंतरून बसवावा लागला. रूझवेल्ट बेटावर तो मान पार्कच्या फाटकाबाहेरच्या जागेला मिळाला. देवीच्या इस्पितळाच्या परिसरातल्या बागेत, २०२१ पासून, मेरेडिथ बर्गमन यांनी घडवलेले ब्राँझचे रूझवेल्ट खुर्चीत बसलेले आहेत. समोर पायाला आधाराच्या पट्ट्या बांधलेली एक लहान मुलगी आहे, आणि त्यांनी तिच्याकडे हात पुढे केला आहे. तिथपर्यंत जायला एकही पायरी नाही.